देवदूतांची तोंडं

१

भट्टीतून निघालेलं प्रत्येक मडकं पेरोनेल वाजवून घ्यायची. डाव्या तळव्यावर तोलायचं, उजव्या हाताच्या बोटाचं पेर मारायचं आणि कान द्यायचा. खणखणलं तर फळीवर. बद्द वाजलं तर तिथंच अंगणात आपटून खापऱ्या. चिरलेलं मडकं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढं गुडघे टेकणारे कुंभार व्हेर्मोन गावात पुष्कळ होते. आपण त्यातल्या नव्हे, हे ती कुणी न विचारताही सांगायची.

नवरा वारल्यावर चाक तिनं स्वतःकडं घेतलं. बाईनं चाकावर बसू नये असं सांगायला कुंभारांच्या पंचांनी एक माणूस पाठवला, तेव्हा तिनं त्याच्या हातात ओला गोळा ठेवला. "घे, तू बस. वाटीएवढं काही काढून दाखवलंस तर मी उठते." माणूस गेला तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. भट्टी आणि बाजार नणंदेकडं, जाकोतकडं. खाणीतून माती आणणं आणि ती पायांनी तुडवणं ही कामं मुलीची, ओदलीनची.

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात ओदलीन सकाळी टोपली घेऊन खाणीवर गेली आणि परतली नाही. त्याच दिवशी लांबेर नावाचा नावाडी योन नदीनं खाली गेला. दोघांचं जमलेलं आहे हे गावाला ठाऊक होतं. पोर नावाड्याबरोबर पळाली असं पहिल्यांदा पेरोनेलच म्हणाली, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली. लाज गेली तर गेली. पळालेली पोर कधी ना कधी परत येते, एवढं तिला पुरे होतं. रोज संध्याकाळी वाटाण्याचं कालवण वाढताना ती तिसरा वाडगा भरून फळीवर ठेवायची. सकाळी जाकोत तो गुपचूप डुकराला घालायची.

मार्चमधल्या एका सकाळी पाद्री गार्निए अंगणात आले. चर्चच्या वेदीपुढं उभं राहून जे पाद्री स्तोत्रं गातात, त्यांचे ते प्रमुख. चर्चचं नवं छत दगडी बरगड्यांवर इतकं उंच नेलं होतं की खालचं गाणं वर जाऊन हरवायचं. म्हणून भिंतीत पेरोनेलची मडकी बसवली होती. पोट भिंतीच्या आत, तोंड बाहेर उघडं. आवाज पोटात शिरावा आणि भरीव होऊन परत यावा. कोलार चितार्‍यानं प्रत्येक तोंडाभोवती एकेक गाणारा देवदूत रंगवला होता. मडक्याचं काळं भोक म्हणजे देवदूताचं उघडं तोंड.

"मडकी छान वाजतायत," गार्निए म्हणाले.

"मग चेहरा असा का, पाद्रीबाबा? छान वाजतायत हे सांगायला एवढ्या चिखलात कुणी येत नाही."

गार्निएंनी आजूबाजूला पाहिलं. जाकोत लाकडं रचत होती. त्यांनी आवाज उतरवला.

"ती आमच्याआधी श्वास घेतात."

"कोण?"

"मडकी."

२

पेरोनेल मोठ्यानं हसली होती. तरीही दुपारच्या प्रार्थनेला ती चर्चमध्ये जाऊन खांबापाशी उभी राहिली. गार्निए दमेकरी माणूस. स्वतःची धाप भिंतीतून परत ऐकून घाबरला असेल, असं तिनं जाताना मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

दक्षिणेच्या रंगीत काचांतून ऊन आत येत होतं. फरशीवर निळे-तांबडे डाग पडले होते, आणि पाद्री लोक त्या डागांत दोन रांगा करून उभे होते. गार्निएंनी हात वर केला. पेरोनेल त्यांच्या छातीकडं बघत होती. छाती हलली नव्हती. कुणाचीच हलली नव्हती. आणि वर, भिंतीत, श्वास घेतला गेला.

मोठा नव्हता. हाक मारण्याआधी माणूस जेवढा घेतं, तेवढा. पण सगळ्या देवदूतांनी एकदम. मग खालच्यांनी श्वास घेतला आणि गाणं सुरू झालं.

वारा असेल, ती स्वतःशी म्हणाली. छताखाली फट राहिली असेल. दुसऱ्या स्तोत्राआधी पुन्हा तेच झालं. तिसऱ्याआधीही. वारा गार्निएंच्या हाताकडं बघून वाहतो की काय?

प्रार्थना संपली, पाद्री निघून गेले, तरी ती तिथंच उभी राहिली. काहीतरी राहून गेल्यासारखं तिला वाटत होतं, आणि काय ते कळायला वेळ लागला. मडक्यात जे जातं ते बाहेर येतं. हाक गेली तर हाक येते, खोकला गेला तर खोकला. या मडक्यांनी श्वास आत घेतला होता. सोडल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

३

"छपराची कौलं सरकलीत," जाकोत म्हणाली. "ते गवंडी दारू पिऊन चढतात. त्यात काय एवढं?"

"कौलं गाणं सुरू व्हायची वाट बघत नाहीत."

"मग देवदूत आहेत. चर्चच आहे ना ते? तिथं नाही तर काय खाटकाच्या दुकानात श्वास घेतील?"

पेरोनेल हसली नाही. ती चाकापाशी बसून हात धूत होती. "जाकोत, त्या मडक्यांची माती कुठली होती गं?"

"कुठली म्हणजे? ती दरडीची. असं काय करता वहिनी, विसरलात? अशी माती जन्मात बघितली नाही म्हणत होतात."

विसरली नव्हती. ओदलीन घर सोडून गेली त्याच शरदात खाणीची पलीकडची दरड कोसळली होती. एरवी माती खणून काढायची, हिवाळाभर उघड्यावर टाकायची, बर्फानं ती फुटू द्यायची, मग आणायची. त्या वर्षी खणायला पोरगीच नव्हती. दरडीनंच काम करून ठेवलं. वसंतात पेरोनेल खाणीवर गेली तर सगळा ढीग लोण्यासारखा. त्यात चर्चचं काम आलेलं. तिनं आणि जाकोतनं ढीग तळापर्यंत उचलून आणला. पेरोनेलनं तो स्वतः तुडवला, घोट्यापर्यंत पाय घालून. नेहमीसारख्या मुळ्या लागल्या, त्या ओढून काढल्या. पांढरे खडे लागले, ते वेचून फेकले. चुनखडीचा कण राहिला की भट्टीत मडकं फुटतं, म्हणून खडे ती फार बारकाईनं वेचायची.

"इतकी मऊ माती आपल्याकडं पुन्हा आली नाही," जाकोत म्हणाली.

"नाही," पेरोनेल म्हणाली आणि तिसरा वाडगा भरायला उठली.

४

भिंतीला अजून परांची होती. कोलार वर बसून शेवटच्या देवदूताच्या पंखाला सोनेरी रंग देत होता. पेरोनेल धापा टाकत चढताना त्यानं पाहिलं.

"अरे वा! देवदूत चढतात ऐकलं होतं, पण इतके जड?"

"शिडी तुझ्या चित्रांपेक्षा मजबूत आहे, तू काळजी करू नकोस."

"आजी, तुझ्या मडक्यांनी माझी चित्रं नासवली बघ. ओठांचा रंग वाळतच नाही. तीनदा दिला. बाकी सगळा चेहरा खडखडीत, ओठ ओले."

"चुना ओला असेल."

"चुना गेल्या उन्हाळ्यातला आहे."

तिनं जवळचं भोक गाठलं आणि सवयीप्रमाणं काठावर बोटाचं पेर मारलं. हे मडकं तिनं स्वतः अंगणात वाजवून घेतलं होतं, घंटेसारखं वाजलं होतं ते. आता बद्द आवाज आला. चिरल्याचा नव्हे, चिरल्याचा ती ओळखायची. भरलेल्या मडक्याचा.

तिनं बाही सारली आणि हात आत घातला. मडकं रिकामं होतं. आतली भिंत मात्र ओली होती. ओली म्हणजे पाणी लागलेली नव्हे. चाकावरून नुकती उतरल्यासारखी, बोट दाबलं तर रुतेल अशी. भट्टीतून निघालेली माती पुन्हा ओली होत नाही. जगात इतक्या गोष्टी खोट्या निघतात, ही निघत नाही. एवढ्यावर तर तिचं सगळं आयुष्य उभं होतं.

ती बोटं फिरवत राहिली. चाकावर मडकं वर ओढताना आतून बोटांच्या आडव्या रेषा उठतात, त्या तिच्या बोटांनी ओळखल्या. मग काठाच्या आतल्या अंगाला तिला एक खळगा लागला. अंगठ्याचा.

प्रत्येक कुंभाराची अशी एक खूण असते. पेरोनेल काठाखाली बाहेरून अंगठा उभा दाबायची. ओदलीन लहानपणापासून आडवा दाबायची. कितीदा ओरडली होती तिला. "उभा दाब गं, लोकांना वाटेल मडकं पोचलंय." "वाटू दे, माझं आहे हे कळलं म्हणजे झालं."

हा खळगा आडवा होता.

जुनं एखादं मिसळलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. ओदलीननं केलेलं, फळीवर राहिलेलं. पण ही मडकी ओदलीन गेल्यानंतर घडवली होती, एकूण एक, तिच्याच हातांनी. आणि खुणा बाहेरून दाबतात. आतून कोण दाबतं?

"काय गं आजी, उंदीर चावला का?" कोलार म्हणाला.

तिनं हात बाहेर काढला. बोटांवर ओली करडी माती होती. ती तिनं झग्याला पुसली नाही. मूठ मिटून, एका हातानं शिडी धरत ती खाली उतरली.

५

ईस्टरच्या आधल्या आठवड्यात मिठाच्या नावा आल्या. जाकोत धावतच घाटावरून आली, फडक्यात बांधलेला पाव तसाच. "वहिनी, लांबेर आलाय. नावेवर बायको दिसतेय. पाठमोरी होती, मी थांबले नाही, तुम्हाला सांगायला आले."

पेरोनेलनं हात धुतले नाहीत. अंगणातून घाटापर्यंत ती वीस वर्षांच्या पोरीसारखी गेली. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होती. आधी एक थोबाडीत. मग घरी. वाडगा फळीवरच आहे.

नावेवरची बाई वळली. तोंडावर देवीचे व्रण, पोटुशी, कुठल्या तरी खालच्या गावची. पेरोनेलकडं बघून ती ओळख नसलेल्या माणसाकडं बघून हसतात तशी हसली.

लांबेर पोतं खांद्यावर घेऊन फळीवरून उतरला आणि तिला बघून थबकला. त्यानं टोपी काढली.

"मावशी." बिचाऱ्याला कळेना काय बोलावं. "बरी आहेस ना? आणि ओदली? ती कशी आहे? एव्हाना लग्न झालं असेल."

पेरोनेलची नजर नावेवरच्या बाईकडं गेली आणि परत त्याच्याकडं आली.

"मला राग नाही हं, मावशी. तेव्हा आला होता. दुपारपर्यंत थांबलो मी, बाकीच्या नावा निघून गेल्या तरी. खाणीवरून परस्पर येते म्हणाली होती. मग म्हटलं, नाही आली म्हणजे मन बदललं. आईला सोडवलं नसेल." तो कसंनुसं हसला. "तू काय कमी आहेस होय? तुला कोण सोडून येणार?"

"हो," पेरोनेल म्हणाली. "बरी आहे ती."

६

घरी आल्यावर जाकोतनं दोनदा विचारलं. लांबेर काय म्हणाला ते ऐकल्यावर तिसऱ्यांदा विचारलं नाही. चुलीपाशी बसून ती हळूहळू रडायला लागली आणि मग एकदम उठली, कुदळ शोधायला लागली.

"चला. चला वहिनी, खाणीवर जाऊ. दरडीखाली खणून बघू. निदान पुरता तरी येईल पोरीला, चार माणसांत, घंटा वाजवून."

"कुठं खणणार?"

"दरडीखाली!"

"तिथं काय उरलंय, जाकोत?"

जाकोतच्या हातात कुदळ तशीच राहिली. तिचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. पेरोनेलला ते बघवेना. तिनं मान फिरवली तर समोर मातीचा हौद. त्यात ती स्वतः उभी राहिली होती, घोट्यापर्यंत, सगळा वसंत. गाणं म्हणत तुडवत होती, कारण माती मऊ होती. मुळ्या लांब होत्या त्या वर्षी. तपकिरी, बारीक, बोटांना गुंडाळणाऱ्या. तिनं त्या ओढून उकिरड्यावर टाकल्या होत्या. आणि पांढरे खडे. ते तिनं फार बारकाईनं वेचले होते.

उकिरडा दर शरदात शेतावर जातो. तिथंही काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पेरोनेलनं कालवण केलं आणि दोनच वाडगे भरले. मग तिसरा काढला, धुतला, आणि हातात धरून बसून राहिली.

७

"मडकी काढून द्या," ती गार्निएंना म्हणाली. "मला पुरायचीत."

"मडकी पुरायची? कुणी मडकी पुरतं का, बाई?"

"मी पुरते."

गार्निएंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला कळतं बरंच. "भिंत फोडता येणार नाही," ते म्हणाले. "वरच्या बरगड्यांचा सगळा भार तिच्यावर उतरलाय. आणि ती अशीच ठेवताही येत नाहीत. रविवारी बिशप येतायत, नव्या वेदीला तेल लावून पवित्र करायला. आमचे दोघे जण गायला उभे राहायला तयार नाहीत. काल तर कुणी हातही वर केला नव्हता, मंडप रिकामा होता, मी एकटा मेणबत्त्या विझवत होतो, तरी..." त्यांनी छातीवर क्रूस काढला. "गवंड्याला सांगितलंय. भोकांत दगड ठोकून चुना ओतेल."

"दगड ठोकेल?"

"तोंडं बंद करायलाच हवीत, पेरोनेल."

 तिच्या हातावर काचेतला तांबडा रंग पडला होता, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं झाकला.

"गवंडी नको," ती म्हणाली. "मी करते. मातीनं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेनंतर ती ओल्या मातीची टोपली घेऊन परांचीवर चढली. कोलार नव्हता, त्याला तिनं खाली घालवून दिलं होतं. गार्निए एकटेच वेदीपाशी उभे होते, पाठ करून.

बंद करण्याआधी ती प्रत्येक तोंडापाशी वाकली. तिनं मनात एक ठरवलं होतं. आत घेतलेला श्वास बाहेर सोडवायचा. तेवढं झालं तर पोर सुटेल, असं काहीसं. पाद्री लोक याला काय म्हणतील याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

"ओदली," ती भोकात म्हणाली. "सोड गं बाळा. सोड श्वास. आई आहे."

आतून श्वास घेतला गेला. उत्तर द्यायला घेतात तसा. तिनं कान लावला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. बाहेर काही आलं नाही.

"ओदली."

पुन्हा श्वास आत. तिच्या कपाळावरचे केस त्याबरोबर भोकाकडं ओढले गेले.

ती पुढच्या देवदूतापाशी गेली. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येकापाशी तेच. शेवटी शेवटी हाक मारली की सगळीकडून एकदम श्वास ओढला जायला लागला, वरच्या बरगड्यांपर्यंत, जणू सगळं चर्च छाती फुगवून थांबलंय आणि फुगवतच चाललंय. सोडायला जागा नाही. वरून दरड आल्यावर माणूस काय करतं? हाक मारायला श्वास घेतं. तेवढंच जमतं त्याला.

तेव्हा पेरोनेलनं टोपलीतला पहिला गोळा उचलला.

तिचे हात पन्नास वर्षं हेच करत होते, म्हणून ते थांबले नाहीत. गोळा भोकात बसवायचा, तळव्यानं दाबायचा, कडा अंगठ्यानं सारवायच्या. एकेक तोंड मिटत गेलं. एकेक श्वास कमी झाला. तिला वाटलं, आपण रडत असू. गालाला हात लावला तर नुसती माती होती.

शेवटचं तोंड ते, ज्यात तिनं हात घातला होता. गोळा बसला. तिनं तो सारवला, गुळगुळीत केला, आणि हात मागं घेणार तोच मधोमध माती वर आली. जरा. वाटाण्याएवढी. मग लांबट झाली, आडवी. आतून कुणी अंगठा दाबावा तशी.

"झालं का, बाई?" खालून गार्निएंनी विचारलं. त्यांनी अजून वर पाहिलं नव्हतं.

पेरोनेलनं त्या फुगवट्यावर आपला अंगठा ठेवला. खालून तो उबदार लागला. ओळखीचा लागला. तो ढकलत होता. फार जोर नव्हता त्यात, झोपेतून उठवणाऱ्या पोराच्या हातात असतो तेवढा. तिला एवढंच करायचं होतं: बोट काढायचं, गोळा ओढून घ्यायचा. पण मग उद्या गवंडी आला असता, त्याच्या पिशवीत दगड होते आणि हातोडा होता.

तिनं दुसरा हात पहिल्यावर ठेवला आणि दाबलं. अंगाचा सगळा भार घालून, मऊ माती तुडवावी तसं, दाबून धरलं.

ढकलणं थांबायला बराच वेळ लागला.

"झालं," ती म्हणाली.